भोंग्यातला माझा आवाज

लग्न होऊन मी साताऱ्याहून सांगलीला आले तेव्हा सासरच्या घरात सगळ्यात आधी नजरेत भरले ते भोंगे. पडवीच्या भिंतीला खुंट्यांवर टांगलेले, राखाडी रंगाचे, एखादा काठाला चेपलेला. यजमानांचं लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं आणि दुकानात न मावणारा सगळा पसारा घरात असायचा. वायरींची भेंडोळी कपाटावर, बॅटऱ्या कोपऱ्यात, माइकचे लोखंडी दांडे दाराआड. लग्नसराईत आणि गणपतीत भिंत रिकामी व्हायची, आणि तेवढ्यापुरतं घर मोठं वाटायचं.

आमच्या साताऱ्याच्या घरात रेडिओसुद्धा नव्हता. वडील शाळामास्तर. मोतीबिंदूनं त्यांची नजर अधू झाली तेव्हापासून रोज सकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. ते अंगणात उन्हाला बसायचे आणि मी पायरीवर. मधे बंबाचा धूर, शेजारच्यांची भांडी, गाईचं हंबरणं. या सगळ्यावरून आवाज त्यांच्यापर्यंत पोचवायचा. शेवटचं अक्षर खाल्लं की ते मला ओळ पुन्हा वाचायला लावत. चीनचं युद्ध मी असंच मोठ्यानं वाचलं, धान्याचे भाव वाचले, विधानसभेतली भांडणं वाचली. त्यात आपण काही शिकतोय असं मला कधी वाटलं नाही.

सांगलीत मात्र हा आवाज अडचणीचा ठरला. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्या स्वतः पुटपुटल्यासारखं बोलत. मी स्वयंपाकघरातून कुणाला हाक मारली की त्या माजघरातून म्हणायच्या, "हळू बोल गं, गल्ली ऐकतीय." यजमान तर मुळातच अबोल. दुकानात माइक तपासताना "हॅलो, एक, दोन, तीन" म्हणत, ते त्यांचं दिवसातलं सगळ्यात लांब भाषण. सगळ्या गावाला ओरडायची सोय करून देणाऱ्या घरात आम्ही तिघं कुजबुजत राहायचो.

निवडणूक आली की त्यांचं दुकान ही बघण्यासारखी गोष्ट असायची. सगळ्याच पक्षांची माणसं यायची. आज एकाची सभा, उद्या त्याच चौकात दुसऱ्याची, आणि दोघंही त्याच माइकवरून एकमेकांचा उद्धार करायचे. मधल्या वेळात यजमान ओल्या फडक्यानं माइक पुसून घ्यायचे. त्यांचं स्वतःचं मत कुणाला, हे दुकानातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आवाज नीट जातोय का, एवढंच बघायचं आपण."

आमच्या भागात एक नर्सबाई होत्या. नगरपालिकेच्या दवाखान्यात सुईण म्हणून त्यांचा जन्म गेला होता. पांढरं पातळ, कातडी पिशवी, जाड भिंगांचा चष्मा, आणि चालणं असं की रस्ता आपोआप मोकळा व्हावा. छप्पन्न साली त्यांच्या वस्तीनं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, त्यात त्याही होत्या. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्याच हातावर जन्मलेली. माझी मुलगीही. मला सकाळी कळा सुरू झाल्या आणि दुपार कलली तरी सुटका होईना. आत्याबाई देवापाशी जाऊन बसल्या. नर्सबाई मात्र माझ्या उशाशी बसून मला साताऱ्याच्या गोष्टी विचारत होत्या, घर कुठल्या पेठेत, डोंगर खिडकीतून दिसतो का, असलं काहीबाही. दुखण्यातून बाहेर ओढून आणायची त्यांची ती रीत होती.

मुलगी झाली. सगळं आवरून त्या गेल्या. पण चष्मा विसरला म्हणून रस्त्यातून माघारी आल्या, तर आत्याबाई उंबऱ्यापासून बाळंतिणीच्या खोलीपर्यंत गोमूत्र शिंपडत होत्या. आत्याबाईंचा हात तसाच राहिला. खोलीचं दार उघडं होतं, मी पडल्या पडल्या बघत होते. नर्सबाई उंबऱ्याबाहेर थांबल्या आणि म्हणाल्या, "आक्का, वाळू द्या आधी. ओल्यावरनं पाय घसरंल तुमचा." आणि खरोखरच वाळेपर्यंत त्या बाहेर उभ्या राहिल्या. मग आत आल्या, चष्मा घेतला, बाळाच्या कपाळावर हात ठेवून बघितला आणि गेल्या. त्या दिवसानंतर त्या रस्त्यात दिसल्या की आत्याबाई पदर सारखा करत आणि दुसरीकडे बघत.

मुलगी तीन वर्षांची झाली त्या सुमारास नर्सबाई नोकरीतून मोकळ्या झाल्या आणि नगरपालिकेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. हळदीचे दिवस होते, सगळ्या पेठेला पिवळी धूळ आणि तो उग्र वास. एका दुपारी त्या दुकानात आल्या. आमचं दुकान घराच्या पुढच्या भागातच, त्यामुळे आतलं सगळं ऐकू यायचं. अपक्ष उभ्या होत्या, छत्री ही निशाणी मिळाली होती, प्रचाराला टांगा आणि भोंगा हवा होता. मागण्या दोनच होत्या. मागच्या गल्ल्यांना नळ, आणि दवाखान्याच्या बाळंतखोलीत नीट दिवा. मागच्या गल्ल्यांतल्या बायका तेव्हा एकाच सार्वजनिक नळावर घागरींची रांग लावून उभ्या असत. त्यातल्या कितीतरी पोटुशी असत, हे नर्सबाईंइतकं कुणाला माहीत असणार?

भोंगा होता, टांगा होता, पण पुकारा करायला माणूस नव्हता. आमच्याकडे नेहमी एक नाटकवाला नट यायचा, भारदस्त आवाजाचा. त्याला हळदीच्या एका अडत्यानं आधीच ठरवून ठेवलं होतं. तेच अडते नर्सबाईंच्या विरोधात उभे होते. यजमान म्हणाले, तुम्हीच बोलून बघा. त्यांनी माइक हातात दिला. अडलेल्या बाईला दरडावून धीर देणाऱ्या नर्सबाई माइकसमोर आल्या आणि लाकडासारख्या झाल्या. तोंडातून शब्द फुटेना. दोनदा प्रयत्न केला, मग माइक परत देत म्हणाल्या, यातनं माझा मला आवाज ऐकू येतो, मग बोलायचं राहून जातं.

मी माजघरात होते. आत्याबाई घेवड्याच्या शेंगा निवडत होत्या. त्यांनी ताट बाजूला सारलं, दुकानाच्या दाराशी गेल्या आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "हिला न्या. हिचा आवाज तसाही गल्लीभर जातोय."

मी चाटच पडले. यजमानांनी माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि वायरींचं भेंडोळं उचलून टांग्याकडे निघून गेले. म्हणजे होकार.

टांगेवाला आटपाडीकडचा. घरची मेंढरं होती, ती भावाकडे सोपवून सांगलीत आलेला. त्यानं घोड्याच्या कपाळावर छत्रीचं चित्र बांधलं होतं. मी मागच्या बाजूला बसले, शेजारी बॅटरी आणि आवाज वाढवायचं मशीन, वर दोन दिशांना तोंड केलेले भोंगे. पहिल्या गल्लीत मी एक अक्षर बोलू शकले नाही. लोक दारात येऊन बघायला लागले. नर्सबाई पुढे चालत होत्या, त्यांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. मग मी डोळे मिटले आणि समोर वडील बसलेत असं धरून वाचायला लागले. आपल्या वॉर्डातून अमुक अमुक उभ्या आहेत, निशाणी छत्री, मागच्या गल्ल्यांना नळ मिळावा अशी त्यांची मागणी आहे. जणू सकाळच्या अंकातली बातमी. डोळे उघडले तर दारादारांत बायका उभ्या होत्या. पुरुषी पुकाऱ्याला त्या कधी बाहेर येत नसत.

टांगेवाला म्हणाला, "वैनी, लय ब्येस. असंच सावकाश चालू द्या, घोडं बी बिचकत न्हाई."

पुढचे काही दिवस माझं आयुष्य वेगळंच झालं. सकाळचा स्वयंपाक आटपून मी निघायची, मुलगी आत्याबाईंजवळ. हळूहळू मी कागद सोडून बोलायला लागले. कुठल्या गल्लीत कुणाच्या दारात किती लांबून पाणी येतं ते सांगायची. दुपारी चौकातल्या झाडाखाली टांगा थांबायचा. टांगेवाला घोड्याला वैरण टाकायचा, नर्सबाई पिशवीतून भडंगाची पुडी काढायच्या, समोरच्या हॉटेलातून कपबशीतून चहा यायचा. कांदा, भडंग आणि तो अतिगोड चहा. सासरी आल्यापासून घराबाहेर बसून मी कधी काही खाल्लं नव्हतं. पाय लांब करून टांग्यात बसायचं, जाणारे येणारे बघायचे. राजकारण म्हणजे हेच असेल तर ते फार छान आहे, असं मला वाटायचं.

एकदा अरुंद बोळात समोरून अडत्यांचा टांगा आला. दोन्ही भोंगे एकमेकांवर आदळले, कुणाचंच काही कळेना. मग त्या नटानं आपला माइक बंद केला, खाली उतरून स्वतः घोड्याचा लगाम धरून टांगा मागं घेतला आणि आम्हाला वाट दिली. जाताना हळूच म्हणाला, वहिनी, वाक्य संपायच्या आधी श्वास संपवू नका. त्याचा तो सल्ला मी पुढे कायम पाळला.

भाजी घ्यायला गेले तर भाजीवाली आवाजावरून ओळखायची. "तुमी छत्रीवाल्या न्हवं?" म्हणून दोन वांगी जास्त टाकायची. ही मजा होती, तसं दुसरंही होतं. एका दुपारी गल्लीतले काही वडीलधारे आणि अडत्यांचा एक माणूस दुकानात आले. मी दाराआड होते. चांगल्या घरातल्या सुनेनं टांग्यातून ओरडत हिंडावं, तेही कुणासाठी, हे शोभतं का, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या लग्नसराईत लोक दुसरीकडून भोंगे आणतील, असंही एकजण आडून म्हणाला. यजमान हातातली वायर सोलत होते. ते सोलायचं त्यांनी थांबवलं नाही.

"भोंगा माझा आहे," ते म्हणाले. "आवाज तिचा आहे. तिला विचारा."

विचारायला कुणी आत आलं नाही. ते लोक आले तसे गेले. मी चहा टाकला. यजमानांना दिला तेव्हा त्यांनी नेहमीसारखाच न बोलता घेतला, पण त्या दिवशी मला त्या अबोलपणाचा पहिल्यांदाच त्रास झाला नाही.

प्रचार संपायच्या आदल्या संध्याकाळी चौकात सभा होती. त्या वेळी तरी नर्सबाईंना स्वतः बोलणं भाग होतं. मी त्यांची ओळख करून दिली आणि माइक त्यांच्यापुढे केला. त्या उभ्या राहिल्या आणि पुन्हा तसंच. गर्दी चुळबुळायला लागली. मागून कुणी शिट्टी वाजवली. तेवढ्यात बायकांच्या बाजूला हालचाल झाली. आत्याबाई माझ्या मुलीला कडेवर घेऊन येत होत्या. त्या आयुष्यात कधी सभेला गेल्या नव्हत्या. वाट काढत पुढे आल्या आणि वस्तीतल्या बायकांच्या शेजारी, खाली जमिनीवर बसल्या. पदर सारखा केला. या वेळी त्यांनी दुसरीकडे बघितलं नाही.

नर्सबाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मग त्या बोलल्या, आणि भाषण करतोय असं त्यांनी केलंच नाही.

"कळा सुरू झाल्या की मला कुणी विचारत न्हाई, तू कुठली, कुणाची. कळा थांबल्या की इचारत्यात. मी कधी राग धरला न्हाई, कारण पोर हातात असतं तवा राग धरता येत न्हाई. आता म्हातारी झाले. मला माझ्यासाठी काय नको. पोटुशी बाई घागर घेऊन नळावर उभी ऱ्हाऊ नये, एवढं करा. मी करीन, न्हाईतर जो निवडून येईल त्याच्याकडनं करून घ्या."

त्या खाली बसल्या. टाळ्या पडायला वेळ लागला, आणि पडल्या त्या आधी बायकांच्या बाजूनं.

त्या हरल्या. फार मोठ्या फरकानं नाही, पण हरल्या. अडते निवडून आले, गुलाल उडाला, नट टांग्यातून घोषणा देत आमच्या दारावरून गेला. मी मात्र घरात बसून रडले. आत्याबाई मला समजावायला आल्या नाहीत. त्यांनी शेजारच्या पोराला पाठवून नर्सबाईंना जेवायला बोलावून आणलं. नर्सबाई आल्या, पडवीत थांबल्या. आत्याबाईंनी पाट स्वयंपाकघरात चुलीजवळ मांडला होता. कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत, भाकरी, दही. जेवताना नर्सबाई म्हणाल्या, भरतात लसूण जरा जास्त पडलाय. आत्याबाई म्हणाल्या, पुढच्या वेळी कमी घालीन. मला वाटतं, माफी मागायची आणि द्यायची असेल तर ती तेवढ्यात झाली.

त्याच संध्याकाळी यजमान मला म्हणाले, आयर्विन पुलावर जाऊन येऊ. लग्न झाल्यापासून आम्ही दोघंच असे कुठे गेलो नव्हतो. पुलाच्या कठड्याशी उभे राहिलो. नदीला पाणी कमी होतं, काठावर कुणी म्हशी धूत होतं. ते म्हणाले, "मी छत्रीवर शिक्का मारला." मी त्यांच्याकडे बघितलं तर ते नदीकडे बघत होते.

नळाचं काम पुढच्या काही महिन्यांत झालं. अडत्यांनीच करून घेतलं. सभेतलं ते शेवटचं वाक्य बायकांनी सोडलं नव्हतं, रोज कुणी ना कुणी त्यांच्या अडतीवर जाऊन बसायची. नळ आला तेव्हा अडत्यांनी नारळ फोडला, पण बायका त्याला छत्रीचा नळ म्हणायला लागल्या, आणि तेच नाव पडलं.

मग कोयनेचा भूकंप झाला. पहाटे भांडी खाली पडली, भिंतीवरचे भोंगे एकमेकांवर आपटून घणघणले, आम्ही सगळे रस्त्यावर आलो. उजाडलं तेव्हा त्याहून मोठी भीती पसरली होती. धरण फुटलं, पाणी निघालंय, दुपारपर्यंत सांगली बुडणार. नदीकडच्या गल्ल्यांतली माणसं बोचकी बांधून निघाली होती. म्हाताऱ्यांना हातगाड्यांवर घातलं होतं. अशात आमच्या दारात कोण यावं, तर ते अडते. धापा टाकत होते. साताऱ्याकडून फोन आलाय, धरण शाबूत आहे, हे लोकांना लगेच सांगायला हवं, म्हणाले. यजमान नटाला बोलवायला निघाले तर अडत्यांनीच अडवलं.

"वहिनींना पाठवा," ते म्हणाले. "त्यांचा आवाज लोकांच्या ओळखीचा आहे."

मी मुलीला आत्याबाईंच्या मांडीवर दिलं आणि टांग्यात चढले. वस्तीच्या कोपऱ्यावर नर्सबाई उभ्या होत्या. त्यांनी हात केला, टांगा थांबला, त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. नुसत्या बसल्या, दिसतील अशा. मी सांगायला लागले, सावकाश, वाक्य पुरं करून. धरण शाबूत आहे. नदीचं पाणी वाढलेलं नाही. घराबाहेर उघड्यावर थांबा, पण गाव सोडून पळू नका. माझा आवाज बोळाच्या भिंतींवर आपटून परत येत होता, आणि तो मला माझा वाटत नव्हता.

घाटाजवळ एक म्हातारी डोक्यावर गाठोडं घेऊन घोड्यासमोरच येऊन उभी राहिली. हलेना. टांगेवाला म्हणाला, आजी, बाजूला व्हा. तिनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "खरं सांगतीयास न्हवं बाई? का सांगायला लावलंय म्हणून सांगतीयास?"

मी माइक बंद केला आणि खाली उतरले. तिला म्हणाले, "खरं आहे आजी. माझी पोरगी घरीच आहे, तिला घेऊन मी कुठं निघाले नाही."

तिनं माझ्याकडे आणि टांग्यातल्या नर्सबाईंकडे आळीपाळीनं बघितलं. मग गाठोडं खाली ठेवलं, त्यावरच बसली आणि मागून येणाऱ्या आपल्या माणसांना हात करून सांगितलं, "थांबा रं. चूल पेटवा हितंच."